मुद्देमालातला धोंडा

नोकरीत माझ्यावर जमाव चालून आला, एकाने कोयताही उगारला. पण मी खरा भ्यालो तो एका रिकाम्या गाडीला, आणि ती भीती आजही अंगावर येते.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी बीदर जिल्ह्यात फौजदार होतो. गुलबर्ग्याच्या एका तूर व्यापाऱ्याने लिलावात जुनी परदेशी डिझेल गाडी घेतली होती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे. गाडी उभी करताना दांडा ‘पी’च्या, म्हणजे पार्किंगच्या, खाचेत टाकायचा, की चाकं जाम होत. एका दुपारी घाटातल्या देवळापाशी ही गाडी मागे आली आणि व्यापारी तिच्याखाली चिरडून मेला.

खबर एका मेंढपाळाने दिली. "मालक गाडीखाली पडलेला, अन् ड्रायव्हर धोंडा घेऊन हुबा व्हता, साहेब." सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झाल्याचं व्यापाऱ्याच्या घरचे सांगत होते. मी पंचनामा केला, धोंडा मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि ड्रायव्हरला अटक केली. गाडी घालून पाडलं, त्यातून वाचलाच असता तर धोंडा होता, असा माझा सरळ हिशेब.

ड्रायव्हर नौबादचा, चाळिशीतला, हडकुळा माणूस.

"इंजिन चालू ठेवून का उतरलास?"

"बॅटरी मेलेली हाय. बंद केलं की वाटेत पुन्हा चालू व्हत न्हाई."

"हातब्रेक?"

"तुटलाय."

"मग गाडी मागे घेतली कोणी?"

"कुनी बी न्हाई. आपसूक आली. म्या खोटं कामून बोलू?"

तीन दिवस तो हेच बोलत राहिला. माझा आवाज चढला, हातही उठला. ते लपवत नाही. मैलूरच्या एका जुन्या मिस्त्रीने सकाळी ठाण्याच्या आवारात दुसऱ्या बॅटरीवर इंजिन चालू करून गाडी पुन्हा पुन्हा ‘पी’त टाकून पाहिली. गाडी तसूभर हलली नाही. मी ड्रायव्हरला गाडीमागे उभं राहायला सांगितलं, तर तो भिंतीला चिकटला. मला वाटलं, पाप बोलतंय. खुनाचं आरोपपत्र मनात लिहून झालं होतं.

त्याची बायको पहिल्या दिवसापासून ठाण्याच्या पायरीवर बसून होती; चौथ्या दिवशी ती माझ्या वाटेतून हटेना.

"थंड असली की ही गाडी गरीब गायीवानी असती, साहेब. तापली की वंगाळ वागती. ही न्यायची न्हाई म्हणून हे मालकाला सांगायले व्हते, त्येलाच तुमी भांडण म्हणायलाव. एकडाव तापवून तर बघा!"

तिच्या समाधानासाठी म्हणून मी निघालो. मिस्त्रीला घेऊन गाडी भर उन्हात हुमनाबादपर्यंत पळवली आणि त्याच देवळापाशी आणून उभी केली. दांडा ‘पी’त, इंजिन चालू. सात वेळा करून पाहिलं, काही झालं नाही.

"बाई फसवायलीय तुमाला," मिस्त्री हसला. आठव्या वेळी दांडा ‘पी’त टाकून तो खाली उतरला आणि म्हणाला, "चाकाला धोंडा लावा, म्या खाली शिरून बघतो."

मी रस्त्याकडेचा धोंडा उचलला आणि गाडीमागे आलो. तेवढ्यात इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडी हिसका देऊन माझ्याकडे निघाली. आत कुणी नव्हतं. पाय हलेनात. मिस्त्रीने दंडाला धरून ओढलं, म्हणून वाचलो. गाडी देवळाच्या ओट्यावर आदळून थांबली.

धोंडा अजून माझ्या हातात होता. लांबून बघणाऱ्याला मी कसा दिसलो असतो, हे ध्यानात आलं आणि मी तो टाकून दिला.

मिस्त्रीने खाली शिरून पाहिलं. दांड्यापासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या सळईचा सांधा झिजला होता. गाडी तापली की तो आणखी ढिला पडे. वर दांडा ‘पी’त दिसे, आत गिअर अर्धवट लटकलेला, इंजिनाच्या थरथरीने कधीतरी तो रिव्हर्समध्ये घसरे.

ड्रायव्हर सुटला. तो निघाला तेव्हा मी विचारलं, "धोंडा चाकाला लावायला आणला होता, हे का बोलला नाहीस?"

"तुमी इचारलंच न्हाई, साहेब. मारायला कामून उचललास, एवढंच इचारलाव."

त्या घाटात चाकाला धोंडा लावलेल्या गाड्या मी रोज पाहत होतो. कितीदा तर माझ्याच जीपला तो लावायला सांगितला होता. तरी त्याच्या हातातला धोंडा मला हत्यारच दिसला. गाडीच्या वाटेतून मला ओढायला मिस्त्री होता. त्या माणसाला माझ्या वाटेतून ओढायला बायकोशिवाय कुणी नव्हतं, आणि तिलाही मी चार दिवस पायरीवर बसवून ठेवलं होतं.