दोन पिनांवरची तार

परवा हेडफोनची तुटलेली वायर जोडताना डाग द्यायच्या राळेचा वास आला आणि मी थेट कराडजवळच्या त्या दूध डेअरीत जाऊन पोचलो. काट्यावरचं दुधाचं वजन आपोआप कॉम्प्युटरवर यावं म्हणून मी डॉसवर सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता, पण काट्याची केबल कॉम्प्युटरच्या ज्या सीरियल पोर्टला जोडली होती, त्यातून तीन दिवस एकही अक्षर येत नव्हतं. सगळीकडे आंबूस वास, कॅनांचा खणखणाट, आणि दुसऱ्या दिवशी चेअरमन बघायला येणार. मी आपला प्रोग्रॅमच खोडून पुन्हा लिहीत होतो. गेटवरचे वॉचमन पूर्वी फौजेत सिग्नलला होते. ते चहा ठेवून म्हणाले, "सायेब, ह्यात बोलायची पिन कंची आन् ऐकायची कंची?" मी दोन्ही दाखवल्या. त्यांनी तारेचा तुकडा वाकवून पोर्टच्या त्या दोन पिना जोडल्या. "आमी टेलिफोन असाच तपासायचो. आदी आपला आवाज आपल्याला येतोय का बगा." मी एक अक्षर पाठवलं, तेच पडद्यावर परत आलं. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता! "मग केबलीत बोलणारा बोलणाऱ्यालाच जोडलाय जनू," ते हसले. मी केबलीतल्या त्या दोन तारांची अदलाबदल करून डाग दिला, आणि काट्यावरच्या कॅनचं वजन पडद्यावर उमटलं. सकाळी चेअरमननी माझी पाठ थोपटली. वॉचमन गेटवर उभे होते आणि मी गप्प राहिलो. आता हाताखालचे इंजिनिअर अडले की मी आधी आपलाच आवाज ऐकायला सांगतो, आणि हे डेअरीच्या वॉचमननी शिकवलं तेही आवर्जून सांगतो. त्या सकाळी तेवढंच राहून गेलं होतं.