भीमाबाईची पकड

पनवेलच्या मासळी बाजारात भीमाबाईच्या पुढ्यातल्या पापलेटला बोट लावायची माझी आजही छाती होत नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, वात्रटातला वात्रट वर्ग नुसत्या नजरेनं गप्प केला. पण मासा ताजा आहे का हे बघायला हात पुढे केला की ही बाई मनगटावर फटका मारते. "बाय, दाबू नको! डोळ्यांनी बग!" ती स्वतःही कधी दाबत नाही. घोळीसारखा भला मोठा मासा उचलेल, पण त्याच्या अंगावर बोटाची खूण उठणार नाही. दाबलेला मासा मऊ पडतो आणि मऊ मासा गिऱ्हाईक घेत नाही, एवढं एकच शिक्षण सासूनं तिला दिलं आणि तिनं ते घोटून घोटून अंगात मुरवलं.

मोऱ्याच्या कोळीवाड्यातून ती रोज पाटी घेऊन पनवेलला येते. यंदा उन्हाळ्याच्या शेवटी मोऱ्याच्या जेट्टीवर बर्फाच्या तुकड्यावरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा पावसाळ्यामुळे मासेमारी बंद होती, त्यामुळे धंदा बुडाला नाही. पण बोटं काही केल्या मिटेनात.

तिचा मुलगा शैलेश बंदरात कामाला आहे. त्यानं जाहीर करून टाकलं, "हात धड झाला तर बाजारात बस. नाय झाला तर तुजी जागा जनीला देतो." जनी म्हणजे भीमाबाईच्या शेजारी बसणारी, आणि तिचं गिऱ्हाईक पळवण्यात पटाईत. जनी आपल्या जागेवर बसणार या कल्पनेनंच भीमाबाईला अन्न गोड लागेना. शैलेश तसा गुणी मुलगा. जेट्टीवरून त्यानंच आईला उचलून आणलं आणि तेव्हापासून तो धास्तावला होता. धास्तावलेली माणसं हुकूम फार सोडतात.

मग तिचा हात हुदाकडे गेला. हुदा पनवेलचीच, कोकणी मुसलमानांच्या घरातली, फिजिओथेरपिस्ट. तिचं मराठी माझ्यापेक्षा गोड, फक्त व्यायामांची नावं तेवढी इंग्रजी. दुसऱ्याच दिवशी भीमाबाई माझ्या नवीन पनवेलच्या घरी हजर. "कुमुदबाई, ती पोरगी माजा हात विंग्रजीत मिटवते. मना समजव."

निवृत्त शिक्षिकेला एवढं आमंत्रण पुरतं. बटाटा, टॉवेल आणि लाटणं घेऊन मी वर्गच भरवला. होल्ड म्हणजे साधं धरणं. ग्रिप म्हणजे सुटणार नाही असं धरणं. ग्रास्प म्हणजे पंजात नीट घेणं. क्लास्प म्हणजे प्रेमानं हात हातात घेणं. ग्रॅब म्हणजे झडप घालणं. क्लच म्हणजे बुडताना दोरी धरतात तसं. क्लेंच म्हणजे रागानं मूठ आवळणं.

"आनि चिंबोरी धरायला कंचा शब्द?" तिनं विचारलं.

चिंबोरी म्हणजे खेकडा, एवढं मला ठाऊक होतं. पण त्याला मागून, नांग्या चुकवून धरण्यासाठी इंग्रजांनी काय सोय केली आहे ते काही आठवेना. मी विषय बदलला.

महिनाभरात हात सुधारला. ती चहाचं पातेलं उतरवू लागली, कोलंबी सोलू लागली, आणि मुख्य म्हणजे घरात इंग्रजीतून ओरडू लागली. तिचा नवरा काशिराम मला रस्त्यात भेटला तेव्हा रडकुंडीला आला होता. "बाई, मना बोलते, कप ग्रिप कर, सांडशील! तुमी हिला काय शिकवून ठेवलं?"

सीझन सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात हुदानं शेवटची तपासणी ठेवली. शैलेश आला, आणि भीमाबाईच्या आग्रहावरून मीही गेले. टेबलावर एक यंत्र होतं. त्याची दांडी मुठीत धरून दाबायची, की तबकडीवरचा काटा सरकतो आणि हातात किती जोर आहे ते कळतं.

भीमाबाईनं दांडी धरली. काटा जेमतेम हलला.

"जोर लावा, मावशी," हुदा म्हणाली.

"लावते ना!" तिच्या कपाळावर घाम आला, दात खाऊन झाले, पण काटा जागचा हलेना. मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "क्लेंच, भीमाबाई, क्लेंच!" शेजारच्या खोलीतल्या पेशंटनं दचकून मूठ आवळली असेल, पण भीमाबाईचा काटा तिथंच. हुदाचा चेहरा उतरला. बाजारात भीमाबाई नसली तर मी भांडायचं कोणाशी?

शैलेश उठला. "बस झाला, आये. आता घरी आराम कर. मी जनीला फोन लावतो." त्यानं खिशातून फोन काढला.

पुढचं इतक्या झटकन झालं की शब्द निवडायला मला सवडच मिळाली नाही. भीमाबाईच्या उजव्या हातानं त्याचं मनगट पकडलं होतं. फोन खाली पडला. शैलेशची बोटं पांढरी पडायला लागली. "आये! आये, सोड! मोडशील!"

हुदा खुर्चीतून उठलीच. "मावशी! अहो, हा जोर मशीनवर का नाही लावलात?"

भीमाबाईनं तिलाच उलट विचारलं. "काय बोलतेस, पोरी? मशीन तुजी. म्हागाची दिसते. दुसऱ्याचा माल मी दाबू कशी?"

हुदा हसत हसत खाली बसली. मला तर डोळे पुसावे लागले. सगळा वेळ ही बाई त्या लोखंडाच्या दांडीला पापलेटसारखी जपत होती!

"आता दाबा, माझी परवानगी आहे," हुदानं यंत्र पुढे सरकवलं.

"आता हात मोकळा नाय," भीमाबाई म्हणाली आणि मुलाकडे वळली. "जागा कुनाची?"

"तुजी."

"मोट्यान बोल."

"तुजी, आये! तुजीच!"

तरी तिनं सोडलं नाही. आणि शैलेशनं ओढाताण थांबवली. बंदरावर क्रेन चालवणारा एवढा थोरला गडी, पण त्याचे डोळे भरून आले. मी घाबरून विचारलं, "फार दुखतंय का रे?"

"नाय, बाई," तो म्हणाला. "जेट्टीवर मी हिचा हात धरलेला ना, तवा हिनं माजा धरला नव्हता."

मग आम्ही कोणी त्याला सोडवायला गेलो नाही.