दुसरी पाटली

चेन्नईत टी. नगरच्या साडीच्या दुकानात बसल्यावर आई चेहऱ्यावरचं हसू न मोडता मला म्हणायची, "ह्यो लुटतोय आपल्याला. उठल्यासारखं कर." मी उठल्यासारखं करायची. दुकानदारही हसायचा. त्याला वाटायचं, आई पदराच्या जरीचं कौतुक करतेय. मग भाव उतरायचा. बाबा काम करायचे त्या गल्लीतली चार-पाच मराठी दुकानं सोडली, तर आमची भाषा आसपास कुणाला कळत नसे. परक्यांसमोर घरचं बोलायची आम्हाला इतकी सवय झाली होती की आपण मोठ्याने बोलतोय, हेही लक्षात येत नसे.

बाबा सांगलीकडचे. आमच्याकडची माणसं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायला देशभर जातात, गलाईला जातात म्हणतात त्याला. बाबा माझ्या जन्माआधीच चेन्नईला आले आणि एका नातेवाइकाच्या गलाईच्या दुकानात भट्टीसमोर बसले. वीस-बावीस वर्षं ॲसिडचा धूर छातीत गेला. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, भट्टी सोडा. बाबा घरी येऊन म्हणाले, "सोडतो की. पोरीला नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी सोडतो."

आणि पोरीला नोकरी लागत नव्हती. मी इंग्रजी शाळेत शिकले होते. कागदावर पानंच्या पानं लिहायची, पण समोर अनोळखी माणूस बसला की माझा घसा बंद व्हायचा. कॉल सेंटरच्या चार मुलाखतींत मी अशीच बसून आले. चौथ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाईंना वाटलं, मला ऐकूच येत नाही. त्यांनी माझ्यासमोर कागद-पेन सरकवलं. वेलाचेरीला घरी परत येताना मी शेअर ऑटोत तोंड बाहेर करून बसले, म्हणजे डोळ्यांत धूळ गेली असं सांगता यावं.

त्याच आठवड्यात पेपरात ती चौकट दिसली. साड्यांच्या आणि दागिन्यांच्या जाहिरातींसाठी नवे चेहरे हवेत, अनुभवाची गरज नाही. मला सुंदर वगैरे व्हायचं नव्हतं. मी एवढाच विचार केला की फोटोत बोलावं लागत नाही. रात्रंदिवस कानांवर बाबांचा खोकला पडत होता आणि मला जमण्यासारखं जगात हे एकच काम उरलंय, असं वाटायला लागलं होतं.

नुंगंबाक्कममध्ये एका फोटो स्टुडिओच्या वर ते ऑफिस होतं. भिंतींवर मुलींचे मोठे फोटो, थंडगार एसी, आणि कॉम्प्युटरसमोर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला चाळिशीचा माणूस. तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, आईशी तमिळमध्ये. पहिल्या दिवशी त्याने नाव नोंदवायचे थोडे पैसे घेतले, माझी हनुवटी दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि आईला म्हणाला, "अम्मा, हा चेहरा होर्डिंगचा आहे." आई लाजली. मीच होर्डिंगवर असल्यासारखी मी खाली बघत राहिले.

दुसऱ्या खेपेला त्याने पोर्टफोलिओची गोष्ट काढली. चांगल्या फोटोंचा अल्बम असल्याशिवाय कुठलंही दुकान बघत नाही, म्हणाला. त्याने आकडा सांगितला तेव्हा आईच्या हातातला रुमाल खाली पडला.

"एवढं कुठनं आणायचं?" मी आईला म्हटलं.

"एक पाटली मोडू. त्यात बसलं तर बसलं, न्हाई तर उठायचं."

"एका पाटलीचे किती येतील?"

आईने सांगितलं. गलाईवाल्याची बायको होती ती. सोन्याचा भाव तिला रोजचा ठाऊक असायचा. तो माणूस कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होता. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाला की मुलगी गुणी दिसते, खास तुमच्यासाठी कमी करतो. कमी करून सांगितलेला आकडा पाटलीच्या पैशांत अगदी बरोबर बसत होता. जिना उतरताना आई म्हणाली, "बघ, देवालाच काळजी."

पाटली बाबांनीच वितळवली. दुसऱ्याकडे कशाला द्यायची, घट धरून पैसे कापतील, म्हणाले. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते मुशीत टाकणखार टाकत होते. आईच्या लग्नातली पाटली लाल झाली, मग तिच्या कडा खचल्या आणि मग ती पाटली राहिली नाही. बाबा खोकत खोकत म्हणाले, "चोख सोनं होतं. तुझ्या आजोबांनी फसवलं नव्हतं."

फोटो निघाले. दीड महिना काही नाही. मी रोज आईच्या मोबाइलकडे बघायची. आणि एक दिवस फोन आला: एका दागिन्यांच्या दुकानाने मला निवडलंय, लगेच या.

मी बसमध्ये मनातल्या मनात बाबांची भट्टी बंद केली. त्यांना गावी पाठवलं, स्वच्छ हवेत बसवलं. ऑफिसात गेल्यावर कळलं की करारापूर्वी अनामत भरावी लागते. शूटिंग झाल्यावर परत मिळेल. आजच भरली तर बरं, नाहीतर रांगेत दुसरी मुलगी आहे.

"आई, बाबांना विचारूया," मी म्हटलं.

"त्यास्नी नगं सांगू. ही दुसरी ऱ्हायलीय की. खालच्या बाजारात आत्ता मोडू. काम झाल्यावर सांगू." आई लगेच मनगटातली पाटली ओढायला लागली. हात सुजरे होते, पाटली निघेना.

तो माणूस हसून मला इंग्रजीत म्हणाला, "वडिलांना आत्ता कशाला त्रास? त्यांना एकदम होर्डिंगच दाखव."

वडिलांचं नाव आम्ही त्याच्यासमोर इंग्रजीत काढलं नव्हतं, तमिळमध्येही नाही. पाटलीच्या पैशांत बसलेला तो आकडा आठवला. तरीही, खरं सांगते, मी गप्प बसणार होते. कदाचित योगायोग असेल. असू दे योगायोग. मला ते होर्डिंग हवं होतं.

आईने पाटली अंगठ्याच्या हाडापर्यंत आणली होती. तिचं सगळं लक्ष मनगटात होतं. दुकानात आई हसायची तसं मी हसले आणि साडीबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले, "आई, ह्यांच्या खांद्यावर पाल पडलीय."

त्याचा हात झटकन कॉलरवर गेला. तो खुर्चीतून अर्धा उठला. आईने अजून मानही वर केली नव्हती.

मग तो आमच्याकडे बघून हसला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "हुशार आहे हो ताई तुमची मुलगी. बसा. आपलीच माणसं आहात."

याची मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती आईची. 'ताई' ऐकल्यावर तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, तुम्ही आपल्याकडचे? मग आधी का न्हाई बोलला?"

"धंद्याच्या ठिकाणी इंग्लिश लागतं, ताई. आता घरचंच समजा. अनामत थोडी कमी करू."

आईचा हात पुन्हा पाटलीकडे गेला. तेव्हा मी बोलले. घसा बंद होता, तरी बोलले. आवाज फाटका निघाला.

"आम्ही भाव बोललो तेव्हा तुम्ही ऐकत होता. बाबांचं बोललो तेव्हाही. पहिल्या पाटलीचे पैसे परत द्या."

"पावतीवर लिहिलंय, परत मिळणार नाहीत. तू इंग्लिश मीडियमची ना? वाचलं नाहीस?"

वाचलं होतं. चौथ्या ओळीत होतं. तेव्हा विचारायला तोंड उघडलं नव्हतं.

मी आईची पाटली मागे मनगटात ढकलली, इतक्या जोरात की ती कळवळली. तिला उठवलं. जिन्यात तिने एकदा मागे वळून बघितलं. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. ती मध्येच बोलायला तोंड उघडायची, आजूबाजूच्या बायकांकडे बघायची आणि ओठ मिटून घ्यायची.

संध्याकाळी बाबा आल्यावर मी सगळं सांगितलं. आई आत कणीक मळत होती. एका मनगटात पाटली, दुसऱ्यात नुसत्या काचेच्या बांगड्या. बाबांनी अल्बम मागितला. सोन्याचा तुकडा धरावा तसा एकेक फोटो उजेडाकडे धरून बघितला. शेवटपर्यंत बघितला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"फोटो बरं आल्यात," म्हणाले. मग खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. थांबल्यावर अल्बम मिटून मांडीवर ठेवला आणि आत बघून आईला म्हणाले, "उद्या डबा लवकर कर. लग्नसराईचं सोनं आलंय, भट्टी सकाळीच लावायची हाय."