पुंगळ्यांचा तपास

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. आजही जशीच्या तशी आठवते ती एकच, आणि ती निवृत्तीनंतरची. हद्द माझी नव्हती, गुन्हा दाखल नव्हता, आणि घटनास्थळ होते जर्मनीत, इंगोलश्टाटला, माझ्या लेकीच्या घराचे तळघर.

लेक आणि जावई दोघेही तिथे इंजिनिअर. मी आणि आमची ही तीन महिन्यांसाठी गेलो होतो. जावयांना लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा नाद, आणि त्याहून मोठा नाद आपली काडतुसे आपणच भरण्याचा. घरी भरलेली काडतुसे मी जन्मभर फक्त पंचनाम्यात पाहिलेली. पहिल्याच दिवशी मी परवाना मागितला. त्यांनी फाईलच आणून ठेवली, प्रत्येक कागद क्रमाने लावलेला. रायफल आणि बंदुकीची दारू कुलपात, किल्ली फक्त त्यांच्याकडे, लेकीलाही ती कुठे असते ते ठाऊक नाही. आमच्या ठाण्याची मुद्देमालाची खोली आठवून मला थोडी लाजच वाटली.

काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या मात्र उघड्या फळीवर, पाच डब्यांत.

"बाबा, उडवलेली पुंगळी परत भरता येते," जावई म्हणाले. "पण दर वेळी तिचं तोंड थोडं कडक होतं, गोळीवरची ग्रिप बदलते. म्हणून एकदा उडवलेल्या या डब्यात, दोनदावाल्या त्या डब्यात. मिक्स झाल्या की खेळ संपला."

"म्हणजे नेम चुकतो?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. तीनशे मीटरवर लगेच कळतं."

दोन महिन्यांनी एका दुपारी लेकीने खबर दिली. "बाबा, याचं काहीतरी बिनसलंय. रविवारी क्लबच्या टीमची निवड आहे. चार वर्षं वाट बघतोय तो. आणि गोळ्या सगळ्या इकडे तिकडे जातायत. विचारलं तर बोलत नाही."

इतके दिवस मी त्या घरात पाहुणा होतो. त्या क्षणी मी तपास अधिकारी झालो. डायरी काढली, तारीख घातली, चहा घेऊन तळघरात जावयांकडे उतरलो.

कागदाची दोन निशाणे टेबलावर होती. जुन्यावर पाच भोके एका बशीत मावतील अशी, नव्यावर परातीतही मावणार नाहीत अशी. मी कारण विचारले. जावई म्हणाले, दारूची नवी बरणी उघडली, त्यामुळे असेल. अर्ध्या तासाने म्हणाले, हवेत दमटपणा फार आहे. चहा संपता संपता म्हणाले, त्या दिवशी वारा होता. तीन जबाब, तीन कारणे. माझ्या अनुभवात इतके जबाब बदलणारा माणूस एक तर गुन्हेगार असतो किंवा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी पहिली शक्यता धरली आणि दोन दिवस जावयांवर पाळत ठेवली. ते ऑफिसला गेले, परत आले, बाटल्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या टाकून आले. संशयास्पद काहीही नाही.

धागा सापडला जेवताना. आमटीत लिंबू होते. आमच्या हिच्या आमटीत लग्नापासून चिंच असते.

"चिंच कुठे गेली?" मी विचारले. "तीन महिन्यांची आणली होतीस ना?"

"संपली," ही म्हणाली, आणि भात वाढायला लागली. माझ्या पानात भात होता.

मी उठून थेट तळघरात गेलो आणि एक पुंगळी उजेडात धरली. पितळ पिवळे असते. या पुंगळीवर किंचित गुलाबी झाक होती, चिंचेने घासल्यावर आमच्या पितळी ताम्हणाला येते तशी. जावई मागोमाग आले. मी नुसती पुंगळी पुढे केली.

ते पायरीवर बसले. "बाबा, आईंना सांगू नका. मी घरी आलो तर बाल्कनीत पेपरवर पाचही डब्यांतल्या पुंगळ्या वाळत घातलेल्या, एकत्र. म्हणाल्या, बघा, कशा लखलखतायत. इथे आल्यापासून पहिल्यांदा एवढ्या खूश दिसल्या हो. मी थँक यू म्हटलं आणि अंदाजाने परत डब्यांत भरल्या."

फिर्यादीनेच आरोपीसाठी पुरावा नष्ट केल्याचे हे माझ्या आयुष्यातले एकमेव प्रकरण.

"उपाय आहे का?"

"आल्झो, म्हणजे बघा, सगळ्यांची तोंडं सारखी तापवून मऊ करता येतील, म्हणजे जुनं-नवं एका लेव्हलला येईल. पण मग एकेक पुंगळी वजन करून निवडायची. चारशे आहेत. रविवारच्या आत कोण करणार?"

मी वर गेलो आणि हिला एवढेच म्हणालो, "जावयांना मदत हवी आहे. निवडायचं काम आहे."

तापवायचे काम जावयांनी त्याच रात्री उरकले. दुसऱ्या दिवसापासून ही वजनकाटा घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. तांदूळ निवडणारा हात तो, काट्याच्या आधी बोटांनाच फरक कळे. मला लेबले लिहायला बसवले आणि अक्षरावरून दोनदा बोलणी ऐकवली. शुक्रवारी दुपारी शेवटची पुंगळी ठेवून ती म्हणाली, "अहो, घोळ मीच घातला होता ना?"

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी त्यांचा चेहरा बघूनच कळलं. ते बोलले नाहीत, मग मी कशी बोलू? पण करणार काय होते मी? इथे भांडी मशीन घासतं, केर मशीन काढतं. हात लावायला गेले की पोरगी म्हणते, आई तू बस. दोन महिने बसलेच की. त्या मळक्या पुंगळ्या दिसल्या आणि वाटलं, चला, एक तरी काम आहे."

 मी डायरी मिटून ठेवली.

रविवारी जावई परत आले ते निशाणाचा कागद घेऊन. संघात पाच जण, हे पाचवे. कागद त्यांनी माझ्याकडे दिला नाही, सासूबाईंच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. पाच भोकांवर तिने वाटी उपडी ठेवून पाहिली. झाकली गेली.

या तपासात मी जावयांच्या दोन दिवसांची नोंद ठेवली होती. त्या दिवशी तुम्ही कुठे होता, हे नोकरीत हजारो माणसांना विचारले असेल. तुझा दिवस कसा जातो, हे मात्र बायकोला विचारायचे इतक्या वर्षांत राहूनच गेले होते. आता रोज विचारतो. ती म्हणते, "अहो, पुरे झाली चौकशी, ती लसूण सोला."