पानावर राहिलेली सावली

सासूबाई दोन महिन्यांसाठी लेकीकडे लातूरला गेल्या आणि जाताना त्यांची नागवेल माझ्या हवाली करून गेल्या. जेवणानंतर त्यांना घरच्याच वेलाचं पान लागतं. मागच्या बोळात सावलीत ठेवलेली ती कुंडी बघून मला तिची दया आली. ऊन म्हणजे झाडाचं जेवण, असं शाळेत शिकलेलं. मी कुंडी उचलून गच्चीवर ठेवली. सोलापूरची गच्ची आणि एप्रिल महिना! चार दिवसांत पानं पांढरी पडली, मग पापडासारखी कडक झाली. सासूबाई यायला तीन आठवडे उरले होते.

त्यामुळे हा प्रवास हौसेचा नव्हता, लबाडीचा होता. तसाच दिसणारा वेल आणायचा आणि गप्प बसायचं.

सकाळी सहाची एसटी धरली. (बायकांना अर्धं तिकीट, पण सुटे ठेवा.) मोहोळ, पंढरपूर करत वेळापूरला पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. स्टँडवर भजी आणि चहा घेतला, तिथलं जुनं देऊळ बघणं परतीवर ढकललं आणि आमच्या पानवाल्यानं सांगितलेला हमीदचाचांचा पानमळा रिक्षानं गाठला. तिथं आधी फोन करूनच जा.

“चपला हितंच काढा, ताई,” चाचा बांधावरूनच म्हणाले. पानमळ्यात अनवाणीच जायचं असतं.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत शेवरी-शेवग्याच्या झाडांच्या दाटीत हिरवट अंधार. पायाखाली गार माती. पानं माझ्या तळहाताहून मोठी. मी पर्समधून जळकं पान काढलं आणि गच्चीचं सांगितलं.

“एकदम गच्चीवर?” चाचांनी कपाळाला हात लावला. “सावलीतलं पान हाय हे. लई ऊन सोसत न्हाय त्याला.”

“मग तुमचा एक वेल द्या ना.”

“त्याचंबी हेच हुईल की! तुमचाच जगवा. सावलीत ठेवा, सकाळचं ऊन थोडं थोडं दावा. जळलेलं सुधरायचं न्हाय, पर नवं पान तयारीनंच येईल. बारकं, जाड.”

मग त्यांनी मला मळ्याच्या उन्हाच्या कडेला नेलं आणि एका पानावर टेकलेलं दुसरं पान बाजूला केलं. खालच्या पानावर त्याची सावली तशीच राहिली! गडद हिरवी, टोकासकट. ऊन आता सगळीकडे सारखंच पडत होतं. मी बोटानं घासून पाहिलं.

“घासून न्हाय जायाची. बसा जरा.”

अर्धा तास बसलो. ती सावली माझ्या डोळ्यांसमोर फिकट होत गेली. अंगावर काटा आला.

परतीच्या बसमध्ये मोबाईलवर वाचलं. पानात हिरवे कण असतात. उजेड कमी असला की ते पसरून जमेल तेवढा टिपतात, आणि ऊन वाढलं की आपण मे महिन्यात सावली धरून चालतो तसे पेशीच्या भिंतीच्या कडेला सरकतात. म्हणून उन्हातला भाग फिका दिसतो आणि झाकलेला गडद. आणि मी हे सगळं भाजून काढलं होतं! देऊळ बघायचं राहिलंच.

सासूबाई आल्या तेव्हा बोळात परत ठेवलेल्या वेलाला दोन नवी पानं होती, बारकी आणि जाड. मी गच्चीसकट सगळं सांगून टाकलं. त्या तडक बोळात गेल्या आणि सकाळच्या उन्हात आलेलं वेलावरचं अर्धवट जळकं पान उचलून धरलं. खालच्या नव्या पानावर गडद सावली राहिली होती. मी घाईघाईनं हिरव्या कणांचं सांगायला लागले.

“ही होय?” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं बघतेय की. सांगायचं कुणाला?”

त्या पायरीवर बसल्या आणि सरकून मला जागा केली. सावली पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो.