सातव्या ओळीतली रतनबाई

बहात्तरच्या दुष्काळात पाटोद्याकडच्या आमच्या गावात पाझर तलावाचं काम निघालं. एके दिवशी रतनबाईला ताप भरला. गैरहजर राहिलं की हजेरीपटावरून नाव उडायचं, म्हणून तिनं तेरा वर्षांच्या लेकीला, बायनाला पाठवलं. आईच्या नावाला लेकीनं ‘हजर’ म्हणायचं, असं सगळ्याच घरांत चालायचं आणि मुकादम काणाडोळा करायचा. दुपारी मातीची दरड कोसळली. अकरा माणसं गेली, त्यात बायना होती. तिचा एक फोटोसुद्धा मागे नाही.

पंचवीस वर्षांनी आमच्या सोसायटीनं तलावाशेजारी स्मारक बांधायचं ठरवलं. मी सोसायटीचा सचिव. पुण्याहून आलेल्या वास्तुकारानं सभेत चित्र दाखवलं: एक तिरकी काळी भिंत, तिच्यावर ना मूर्ती, ना अक्षर.

“नावं वाचली की माणूस मोकळा होतो,” तो म्हणाला. “कोऱ्या भिंतीपुढं त्याला थांबावंच लागतं.”

चेअरमन बबनरावांनी सगळं कळल्यासारखी मान डोलावली. माझं मात्र टाळकं सरकलं. आम्ही दगडाला शेंदूर लावून, गेलेल्याचं नाव घेऊन निवद दाखवणारी माणसं. बिननावाच्या भिंतीला निवद कुणाचा दाखवायचा?

तेवढ्यात रतनबाई उठली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. “सायेब, माज्या लेकीचं नाव आता निस्तं माज्या तोंडात हाय. मी मेल्यावर ते कुटं ऱ्हाईल? दगडावर घाला.”

नावं कोरायचा ठराव झाला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. जुन्या हजेरीपटावरून केलेली यादी मागवली आणि जिंकल्याच्या तोऱ्यात न वाचताच पाथरवटाच्या हाती दिली.

उद्घाटनाला रतनबाई पुरणाचा निवद घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. “भाऊ, बायना कुटं हाय तिथं बोट ठेवा,” ती मला म्हणाली.

मी दोनदा वरून खाली वाचलं. बायना कुठंच नव्हती. सातव्या ओळीत कोरलं होतं, ‘रतनबाई धोंडीराम’. खोटंच कुठंतरी बोट ठेवावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. आहे ते सांगून टाकलं.

“बदलता न्हाई येणार,” बबनराव पुटपुटले. “पोरगी कामावर हुती, ह्याचा कागद कुटं हाय?”

रतनबाई स्वतःच्या नावावरून हात फिरवत राहिली. ताटातला निवद तसाच होता.

“कोरीच ऱ्हाऊ द्यायची हुती, भाऊ,” ती म्हणाली. “कोऱ्या भिंतीत माजी बायना मावली असती.”