बिनगुंडीचा पट्टा

“आमच्या इवायांनी सोताच्या मनगटाची गुंडी मला दिली, अन् सोता ओकून ओकून अर्धे झाले. असा इवाई मिळायला नशीब लागतं बघा.”

हे विधान माझे व्याही, उदगीरच्या मोंढ्यातले भुसार मालाचे अडते, गेली काही वर्षे प्रत्येक बारशात, साखरपुड्यात आणि एकदा तर चक्क कोणाच्या तरी दहाव्याला करीत आले आहेत. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. मला ते कौतुक नको आहे. स्तुती आहे म्हणून असत्य चालवून घ्यावे, असे मला कोणी शिकवलेले नाही.

मी सरकारी बसचा वाहक म्हणून निवृत्त झालो. प्रवाशांच्या तक्रारींवर आगारात खुलासे लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळे खुलाशाची रीत मला ठाऊक आहे: आरोप आधी जसाच्या तसा उतरवावा, मग त्याचा समाचार घ्यावा. या प्रकरणी मी आजवर गप्प राहिलो, कारण माझी मुलगी त्यांच्या घरी नांदते. परंतु गेल्या महिन्यात माझी नात उदगीरहून नांदेडला येताना मुखेडच्या अलीकडे गाडीत ओकली, आणि व्याह्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवीत निदान केले, “आजोळचं आलंय लेकराला.” तेव्हापासून ती मला विचारते, “आजोबा, तुम्हालापण गाडी लागते?” लातूर-नांदेड रस्त्यावर, चालत्या गाडीत, मागे तोंड करून उभ्याने तिकिटे फाडलेल्या माणसाला हा प्रश्न. आता माझा नाइलाज आहे.

घटना अशी. आम्हा दोघांच्याही पित्ताशयात खडे झाले होते. नांदेडच्या एका रुग्णालयात माझी तारीख ठरल्याचे कळताच व्याह्यांनी तोच दिवस आणि तीच खोली मागून घेतली, म्हणजे माझी मुलगी दोघांचेही करील. त्यांचे खडे माझ्या खड्यांपेक्षा मोठे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. तो मुद्दा मी सोडून देतो.

आदल्या संध्याकाळी भुलीच्या विभागातल्या एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना मळमळते, उलट्या होतात, टाक्यांवर ताण येतो. हे कसे टाळावे यावर त्यांचे संशोधन चालले होते. नेहमीचे इंजेक्शन सर्वांनाच मिळणार होते. त्याशिवाय मनगटावर एक पट्टा बांधायचा. काही पट्ट्यांच्या आत एक गुंडी असे, ती मनगटाच्या तीन बोटे वर, दोन शिरांच्या मधोमध दाबून बसे. काहींच्या आत काहीच नसे. कोणाला कोणता, ते बंद पाकीट ठरवणार. “मलाही कळता कामा नये,” बाई म्हणाल्या. आम्ही दोघांनी होकार दिला.

“गाडी लागते का?” त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. व्याहीही नाही म्हणाले. आवळासुपारीची डबी खिशात आणि चालकामागची खिडकी आरक्षित असल्याखेरीज ज्यांनी कधी नांदेड पाहिले नाही, त्या गृहस्थांचे हे उत्तर. मी हस्तक्षेप केला नाही.

“बिडी-सिगारेट?”

व्याह्यांनी मान डोलावली. मी अभिमानाने नकार दिला. त्यावर बाई म्हणाल्या की ऐकून नवल वाटेल, पण न ओढणाऱ्यांनाच उलट्यांचा त्रास अधिक होतो. म्हणून कोणी ओढायला लागू नये. यातले दुसरे वाक्य व्याह्यांच्या कानांपर्यंत पोहोचले नाही.

“बघा इवाई. म्या सांगत नव्हतो?”

शास्त्र माझ्या विरुद्ध होते, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

सकाळी एका परिचारिकेने आमचे पट्टे बांधले. तिने दोघांचीही तोंडे तपासली, व्याह्यांची कवळी काढून माझ्या मुलीच्या स्वाधीन केली. माझ्या तोंडात काढण्यासारखे काही नव्हते. ती गेल्यावर व्याह्यांनी स्वतःचा पट्टा चाचपला, आणि मग हात लांबवून माझा.

“सूनबाई,” ते छताकडे पाहत म्हणाले, “तुमच्या बाबांच्या पट्ट्याला गुंडी हाय. आमचा बिनगुंडीचा. ऱ्हाऊ द्या. आमाला सवय हाय. लग्नात बी फेटा आखूडच आला होता.”

तो फेटा मी स्वतः मोजून आणला होता. तो आखूड नव्हता. त्यांचे डोके मोठे आहे.

“हा आहेर नव्हे,” मी म्हणालो. “हे संशोधन आहे. पाकिटाने ठरवलेले आहे.”

“पाकिटं लई पाहिली आमी,” व्याही म्हणाले.

“बाबा, द्या ना,” मुलगी हळूच म्हणाली. “मला तिथं राहायचंय.”

प्रयोगात मानपान का चालत नाही, हे मी तिला समजावून सांगू लागलो. तेवढ्यात माझ्या पत्नीने माझा पट्टा सोडायला घेतला. “अहो, विहीणबाईंच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? हात सरळ करा.” पट्ट्यांची अदलाबदल झाली. म्हणून मी दिले, त्यागले, वगैरे भाषा निराधार आहे. माझ्या मनगटाचा निर्णय माझ्या मनगटाला विचारून झालेला नाही.

दुपारपर्यंत आम्ही दोघेही खोलीत परतलो. व्याह्यांना भेटायला मोंढ्यातली मंडळी यायची होती आणि बोळक्या तोंडाने त्यांच्यासमोर पडून राहणे व्याह्यांना मान्य नव्हते. शुद्धीवर येताच त्यांनी कवळी मागून घेतली. पाहुणे खाली आल्याचा फोन आला, तशा माझी पत्नी आणि मुलगी त्यांना आणायला गेल्या. आमच्या दोन खाटांच्या मध्ये एक स्टूल होते आणि त्यावर स्टीलचा एकच वाकडा ट्रे. त्या अवधीत दोघांपैकी एकाला उलटी झाली.

मंडळी आत आली तेव्हा ट्रे भरलेला होता. व्याह्यांनी डोळे मिटले, ओठ घट्ट मिटले आणि एक बोट माझ्या दिशेने उचलले.

“अरारा,” मंडळीतले एक जण म्हणाले, “इवायाला लई तरास झाला म्हणायचा.”

मी स्पष्ट नकार दिला. परंतु भुलीच्या वेळी घशात घातलेल्या नळीमुळे घसा बसला होता. नकाराऐवजी एक लांब घोगरा आवाज बाहेर पडला, आणि माझ्या पत्नीने धावत जाऊन दुसरा ट्रे आणून माझ्या हनुवटीखाली धरला. तो तिने बराच वेळ धरून ठेवला. तो कोरडा राहिला, याचा उल्लेख कोणत्याही बारशात होत नाही. एरवी तुरीचा भाव सांगितल्याशिवाय ज्यांचा श्वास सुटत नाही, ते व्याही पाहुणे जाईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. लोकांनी त्याला माझ्याबद्दलची काळजी मानले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा पट्ट्यांची अदलाबदल मी होऊन त्यांना सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. “आजोबा, पाकिटाला मानपान नसतो हो.” मग त्यांनी विचारले, “बरं, उलटी कोणाला झाली?”

“इवायाला,” व्याही म्हणाले. मुलीने मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो. वाहकाच्या नोकरीत मी एवढा गप्प कधी बसलो नव्हतो. गुंडीचा गुण असतो की नसतो, हे त्या बाई पुष्कळ मनगटे पाहून ठरवतील. आमच्या दोन मनगटांवरून कोणी ठरवू नये. मात्र त्या हे वाचत असतील तर त्यांनी आमच्यापुरती दुरुस्ती करावी.

नातीला मी एवढेच सांगू इच्छितो. ती मोंढ्यातली मंडळी गेल्यावर, तुझी आई आणि आजी त्यांना पोचवायला खाली उतरल्या असताना, ट्रे धुवायला नेलेल्या रुग्णालयातल्या मावशी परत आल्या. त्यांच्या हातात ओल्या कापडात काहीतरी गुंडाळलेले होते. “ट्रेमधी गावली,” त्या म्हणाल्या. “कुणाची हाय?” तुझ्या उदगीरच्या आजोबांनी न बोलता हात पुढे केला. कापडात कवळी होती, आणि माझे सगळे दात आजही माझेच आहेत.